ट्रिपल निगेटिव्हमध्ये एरिड१ए कोरं: खरा लॉस की फिक्सेशनचा घोळ?

मिरज_हिस्टो
ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर आणि हर२ तिन्ही निगेटिव्ह असलेल्या) स्तनकर्करोगाच्या जुन्या ब्लॉक्सवर (मेणात बसवलेल्या ऊतींवर) एरिड१ए, बीआरजी१ आणि ईझेडएच२ या न्यूक्लियसमधल्या प्रथिनांच्या अँटिबॉडी लावतोय; प्रथिन असेल तिथे न्यूक्लियस तपकिरी, नसेल तिथे निळा. काही ब्लॉक्समध्ये एरिड१ए कडेला छान तपकिरी, मध्यभागी कोरं. यातले बरेचसे नमुने जत, आटपाडीकडून आलेले; अख्खी ब्रेस्ट न कापता बरणीत, फॉर्मालिन (ऊती फिक्स करणारं, म्हणजे सडू न देणारं द्रावण) जेमतेम बुडेल एवढंच. रिट्रीव्हल (फिक्सेशनने झाकलेलं प्रथिन गरम बफरने उघडं करणं) सिट्रेट पीएच ६. सेक्शन्स (स्लाइडवरचे पातळ काप) दिवाळीआधी कापून ठेवलेत. मध्यभाग ‘लॉस’, म्हणजे गाठीने ते प्रथिन खरंच गमावलंय, असं धरावं का?

कृष्णाकाठ_पॅथ
कोऱ्या भागातल्या लिम्फोसाइट्सचे आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराचे न्यूक्लियस आधी बघा. त्यांच्यात एरिड१ए असतंच. ते तपकिरी आणि गाठीच्या पेशी निळ्या, तरच लॉस. तेही निळे असतील तर तो भाग वाचूच नका, नोंद ‘अनिर्णित’.

फॉर्मालिन तासाला साधारण १ मिमी आत जातं, पुढे आणखी सावकाश, त्यात स्तनात चरबी. मध्यभाग फिक्स होण्याआधीच सडायला लागतो. खरा धोका पुढे आहे: आक्रमक गाठी बहुधा मोठ्या, मधे नेक्रोसिस (मेलेल्या पेशी) असलेल्या, म्हणून त्यांचंच फिक्सेशन जास्त बिघडतं. हे कोरे भाग लॉसमध्ये मोजले की ‘लॉस म्हणजे आक्रमक’ हा निष्कर्ष आपोआप निघतो आणि तो साफ खोटा असू शकतो.

मिरज_हिस्टो
बघितलं. बहुतेक ठिकाणी स्ट्रोमाही (गाठीच्या पेशींभोवतीची आधार-ऊतीही) कोराच. एका स्लाइडवर मात्र स्ट्रोमा तपकिरी, आणि गाठीतल्या पॉझिटिव्ह-निगेटिव्ह भागांत सुरीने कापल्यासारखी सीमा.

कृष्णाकाठ_पॅथ
ती स्लाइड जपून ठेवा सर, तो सबक्लोनल लॉस (गाठीतल्या पेशींच्या एका उपगटातच झालेला) असणार. फिक्सेशनमुळे रंग कडेकडून आत हळूहळू फिका होत जातो, अशी रेघ ओढत नाही.

स्लाइड_सातारा
सेक्शन्स नव्याने कापा. कापून ठेवलेल्या सेक्शनवर अँटिजेन (अँटिबॉडी जिला चिकटते ती प्रथिनाची खूण) उतरत जातं, सहा आठवड्यांच्या आत वापरलेले बरे. ३ ते ४ मायक्रॉन, चार्ज्ड स्लाइडवर. रिट्रीव्हल ट्रिस-ईडीटीए पीएच ९, ९५ ते ९८ अंशांवर २० मिनिटं, मग त्याच बफरमध्ये २० मिनिटं थंड होऊ द्या. घाईने गार पाण्यात टाकलं की चरबीवाला सेक्शन सुटतो. ३ टक्के पेरॉक्साइड १० मिनिटं. अँटिबॉडीचं डायल्युशन आधी टॉन्सिलवर ठरवा. तुलनेसाठी दर बॅचला टॉन्सिलची एक स्लाइड अँटिबॉडीसह आणि एक अँटिबॉडीशिवाय ठेवा.

नव्या नमुन्यांसाठी पाठवणाऱ्यांनाच सांगा: तासाभरात ५ ते १० मिमी अंतराने काप द्यायचे, फॉर्मालिन नमुन्याच्या किमान दहापट, फिक्सेशन ६ ते ७२ तास. एक लिटर द्रावणाला तीव्र (कॉन्सन्ट्रेटेड) फॉर्मालिन १०० मिली, डिस्टिल्ड वॉटर ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. बोअरच्या पाण्यात करू नका.

कृष्णाकाठ_पॅथ
ईझेडएच२ चं उलटं आहे. तिथे प्रथिनाचं वाढलेलं प्रमाण मोजायचं, त्यामुळे खराब फिक्सेशनने आकडा खोटा कमी येतो. शिवाय ते वाढत्या पेशींत जास्त असतं, म्हणून केआय-६७ (वाढत्या पेशी दाखवणारी खूण) शेजारी लावल्याशिवाय स्वतंत्र महत्त्व सांगू नये. एच-स्कोअर काढा: फिके टक्के गुणिले १, मध्यम गुणिले २, गडद गुणिले ३, एकूण ० ते ३००. दोघांनी एकमेकांचा आकडा न बघता वाचावं. बीआरजी१ चा पूर्ण लॉस स्तनात दुर्मीळ. भराभर सापडायला लागला तर आधी रिट्रीव्हल तपासा.