मदत हवी आहे : डिझाइन पॅटर्नची ऑन्टॉलॉजी केली, पण रीझनर चूक दाखवतच नाही

खानापूर_रोड :
मंडळी, बेळगावात एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. जुन्या प्रोजेक्टमधलं डिझाइन परत वापरायचं म्हटलं की ज्यानं ते केलं त्याला फोन लावायचा, आणि तो बहुतेकदा पुण्याला गेलेला असतो. माझे वडील उद्यमबागेत पॅटर्नमेकर होते. फौंड्रीत मांडणीभर लाकडी पॅटर्न (ओतकामाचे नमुने), पण कुठला कुठल्या धातूसाठी किती जास्तीचं माप धरून केलाय, ते सगळं त्यांच्या डोक्यात. आमची तीच गत.

म्हणून गँग ऑफ फोरचे (चार लेखकांच्या गाजलेल्या पुस्तकातले) २३ डिझाइन पॅटर्न, म्हणजे सॉफ्टवेअर रचनेतल्या नेहमीच्या अडचणींवरची ठरलेली उत्तरं, ऑन्टॉलॉजी म्हणून (संकल्पना आणि त्यांचे संबंध संगणकाला कळतील असे लिहून) मांडायला घेतलेत. प्रोटेजे हा त्यासाठीचा एडिटर, आऊल ही भाषा. 'एकाची स्थिती बदलली की बाकीच्यांना कळवायचंय' असं स्पार्कलनं (त्या माहितीला प्रश्न विचारायची भाषा) विचारलं की ऑब्झर्व्हर हा पॅटर्न हाती यावा, आणि आमच्या कुठल्या प्रोजेक्टात तो वापरलाय तेही.

सिंगलटनला (ज्यात क्लासची एकच वस्तू असते तो पॅटर्न) 'जास्तीत जास्त १ इन्स्टन्स' (म्हणजे क्लासची प्रत्यक्ष वस्तू) अशी अट घातली आणि मुद्दाम दोन जोडून हर्मिट हा रीझनर (लिहिलेल्यातून निष्कर्ष काढून विसंगती दाखवणारा प्रोग्रॅम) चालवला. ओरडेल वाटलं, तर गप्प! वर दोन्ही इन्स्टन्स एकच आहेत असं ठरवून मोकळा. शिवाय स्टेट आणि स्ट्रॅटेजी ह्या दोन पॅटर्नच्या व्याख्या रचनेवरून केल्या, तर दोन्ही क्लास समतुल्य म्हणतो. क्लास डायग्राम (रचनेची आकृती) बघितली तर दोन्हींची सारखीच, त्यामुळे त्याचंही खरंच आहे म्हणा. पण पोरांनी स्ट्रॅटेजी शोधल्यावर स्टेट मिळून उपयोग काय?

निपाणीकर :
हर्मिटचं बरोबर आहे हो. नावं दोन म्हणून वस्तू दोन, असं आऊल धरत नाही. बेळगाव आणि बेळगावी, नावं दोन, गाव एकच (वाद नको, उदाहरण आहे). ते दोघे वेगळे आहेत हे 'डिफरंट इंडिव्हिज्युअल्स' टाकून सांगा. पॅटर्नमधली एखादी भूमिका (कुठला क्लास कुठलं काम करतो ते) भरायची राहिली तरी तो बोलणार नाही, कारण लिहिलं नाही म्हणजे नाहीच, असं तो मानत नाही. तसली तपासणी शॅकलकडे (माहिती ठरलेल्या अटींत बसते का ते तपासायची भाषा) द्या, २०१७ पासून ती डब्ल्यूथ्रीसीची (वेबची मानकं ठरवणारी संस्था) शिफारस आहे.

स्टेट-स्ट्रॅटेजीसाठी उद्देश व्याख्येत घ्या. स्ट्रॅटेजीत अल्गोरिदम बहुधा क्लायंट निवडतो. स्टेटमध्ये ऑब्जेक्टची अवस्था बदलली की वागणं बदलतं, आणि एक स्टेट पुढची स्टेट ठरवू शकते. नुसत्या रचनेतून हे निघत नाही, माणसालाच लिहावं लागतं.

खानापूर_रोड :
डिफरंट टाकल्याबरोबर विसंगतीची खिडकी आली! आता उद्देश लिहायला बसलोय तर नवीच भानगड. एकजण 'कळवणे' लिहितो, दुसरा 'नोटिफाय', तिसरा 'अपडेट पाठवणे'. ह्याला प्रत्येकी वेगळा क्लास करू काय?

निपाणीकर :
अजिबात नको. संकल्पना एकच ठेवा, स्कॉसमधलं (संकल्पना आणि त्यांची नावं मांडायची मानक पद्धत) प्रेफलेबल, म्हणजे मुख्य नाव, एकाला, बाकीच्यांना ऑल्टलेबल, म्हणजे पर्यायी नाव. आणि तिसऱ्याला आधी विचारा, त्याला नक्की तेच म्हणायचंय की आणखी काही.