किचनमधल्या आगशमन यंत्रणेची देखभाल पूर्णपणे कंत्राटावर द्यावी का?

मुदपाक:
आमच्याकडे फ्रायर-ग्रिलवरच्या यंत्रणेची सगळी देखभाल बाहेर द्यायचं घाटतंय. माझा ठाम विरोध आहे. मागच्या खेपेला कंत्राटदाराचा माणूस सर्व्हिसिंग करून, काउंटरवर सही घेऊन गेला. दोन दिवसांनी मी कंट्रोल हेडचं (यंत्रणा जिथून सुटते त्या डब्याचं) झाकण काढून पाहिलं, तर सेफ्टी पिन आत तशीच! काम चालू असताना यंत्रणा चुकून सुटू नये म्हणून ती घालतात. ती राहिली तर आग लागूनही नोझलमधून थेंब येत नाही. वर सर्व्हिसिंग झाल्याचा टॅग मात्र नवाकोरा. आपल्या माणसाकडून असं झालं नसतं.

लिंकवाला:
शेवटचं वाक्य पटलं नाही. मी हेच काम करतो. एका किचनमध्ये वितळलेल्या फ्यूजिबल लिंकच्या जागी घरच्या फिटरने चक्क तार पिळून बसवली होती. लिंक ठरलेल्या तापमानाला वितळते म्हणून तर यंत्रणा सुटते. तार कशी वितळणार? एनएफपीए 17ए या अमेरिकन अग्निसुरक्षा मानकात दर सहा महिन्यांनी प्रशिक्षित माणसाकडून सर्व्हिसिंग सांगितलंय, ते उगाच नाही. यंत्रणा सुटल्यावर गॅसचा व्हॉल्व्ह खरंच बंद होतो का, हेही त्यात तपासायचं असतं. शिवाय रसायनाच्या सिलिंडरची 12 वर्षांनी हायड्रोस्टॅटिक टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी. घरचा फिटर हे कुठे करणार?

मुदपाक:
तारेचं वाचून अंगावर काटा आला. सर्व्हिसिंग तुम्हीच करा, त्याबद्दल वाद नाही. पण मधल्या सहा महिन्यांचं काय? शेफ गर्दीच्या दिवशी फ्रायर दोन फूट सरकवतो आणि त्या जागी ग्रिल आणतो. नोझल उपकरण बघून नेमलेलं असतं. तेल पेटलं तर रसायन त्यावर पडून साबणासारखा थर धरायला हवा, तरच ते पुन्हा भडकत नाही. फ्रायरच नोझलखाली नसेल तर थर धरणार कुठे? हे रोज तिथे असणाऱ्यालाच दिसतं. ‘सगळं बाहेर दिलंय’ म्हटलं की कुणी मान वर करून बघतसुद्धा नाही.

हूडसफाई:
आमचंही ऐका. हूड-डक्ट (चुलीवरचं धुराडं आणि त्याची नळी) धुताना नोझलच्या टोप्या निघतात. आम्ही बसवतो, पण नीट बसल्या का हे तपासायला कुणी येत नाही. टोपी नसली की नोझलच्या तोंडात चिकट तूप-तेल साचतं. सफाईचं कंत्राट वेगळं, यंत्रणेचं वेगळं आणि दोघांची गाठ कधीच पडत नाही.

लिंकवाला:
हे मात्र खरं. उपकरण हलवायच्या आधी आम्हाला फोन आणि हूड धुतल्यावर टोप्यांची तपासणी, हे दोन्ही कंत्राटात लिहून घ्या. चांगला कंत्राटदार नाही म्हणणार नाही. तरी मी म्हणेन, जबाबदारी एकाकडेच हवी आणि ती आमच्याकडे.

मुदपाक:
काम तुमचं, जबाबदारी आमचीच. पुढच्या वेळी सही काउंटरवर मिळणार नाही. हूडखाली उभं राहून, काढलेली पिन डोळ्यांनी बघून मगच करेन.