मदत हवी आहे: ही नंबरप्लेट कुठल्या देशाची?

मंडळी, जुन्या वस्तू जमवणाऱ्या एका मित्राने मला ही प्लेट दिली. त्यालाही ती लिलावातल्या ढिगाबरोबर आली होती, त्यामुळे पूर्वेतिहास शून्य.

अॅल्युमिनियमचा पत्रा, पांढऱ्यावर काळी उठावाची अक्षरं. एच के ई, मग आडवी रेघ, मग चार आकडे (शेवटचे दोन मुद्दाम देत नाही). देशाचं नाव नाही, झेंडा नाही, स्टिकर नाही, डावीकडे निळी पट्टीही नाही. 'ई'च्या खालच्या दांडीवरचा रंग उडालाय, तिथे नुसता पत्रा दिसतो. माप साधारण ५२ बाय ११ सेंटिमीटर.

मापावरूनच बरेच देश गळले. अमेरिका-कॅनडाची प्लेट १२ बाय ६ इंच असते, म्हणजे बरीच आखूड आणि उंच. तीन अक्षरं-चार आकडे म्हटल्यावर ब्राझीलचा संशय आला होता, पण तिथल्या जुन्या प्लेटा ४० बाय १३ च्या आणि वर राज्य-शहराच्या नावाची पट्टी. इक्वेडोरवाले तर देशाचं नावच छापतात. ब्रिटन नाही, तिथे मागची प्लेट पिवळी असते आणि अक्षरांची रचनाही वेगळी. जर्मनी असती तर मध्ये गोल शिक्के हवे होते.

उरला युरोप, तोही निळ्या पट्टीच्या आधीचा. पट्टीचा नमुना युरोपीय संघाने १९९८ मध्ये ठरवला, पण प्रत्येक देशाने तो आपापल्या सवडीने घेतला, त्यामुळे साल काढायला त्याचा फारसा उपयोग होत नाही. इथे माझी गाडी अडली. शिवाय ही पर्यटकांना विकतात तसली शोभेची प्लेट तर नाही ना, हे कसं ओळखायचं?

प्रतिसाद: स्वीडन किंवा फिनलंड? तिथे तीन अक्षरंच असतात.

धागाकर्ता: अक्षरं तीन, पण त्यांचे आकडे तीनच. लिथुआनिया आणि जुनी हंगेरीही त्याच कारणाने बाद केली.

प्रतिसाद: ग्रीस बघा. अक्षरं रोमन समजून वाचताय म्हणून घोळ होतोय. ग्रीक प्लेटांवर फक्त १४ अक्षरं वापरतात, ग्रीक आणि रोमन दोन्ही लिप्यांत सारखी दिसणारी, म्हणजे परदेशातल्या पोलिसालाही नंबर वाचता येतो. तुमची तिन्ही त्यात बसतात. बॉस्नियानेही हीच युक्ती केली आहे, पण तिथे रचना वेगळी, अक्षर आकड्यांच्या मधोमध येतं. ग्रीसमध्ये निळी पट्टी २००४ मध्ये आली, म्हणजे तुमची त्याआधीची. पहिली दोन अक्षरं नोंदणीचा भाग सांगतात. एच-के म्हणजे क्रीट बेटावरचं इराक्लिओ. ते नाव ग्रीकमध्ये ईटाने सुरू होतं, आणि मोठा ईटा हुबेहूब एचसारखा दिसतो.

धागाकर्ता: कमाल आहे! म्हणजे मी 'एच' बघून हंगेरीच्या मागे लागलो होतो ते उगाच. तिसऱ्या अक्षरावरून साल निघेल का?

प्रतिसाद: अंदाजच. ग्रीक क्रमात गॅमा-डेल्टा वगळले की ए, बी नंतर ई येतं, म्हणजे एच-के मालिकेतली ही लवकरची. नेमकं साल मालिकांच्या याद्या ठेवणारे संग्राहक सांगतील.

खरी-खोटीचं म्हणाल तर भोकं बघा. गाडीवर वर्षानुवर्षं लागलेल्या प्लेटच्या भोकांभोवती बोल्टच्या वॉशरचा गोल वळ राहतो, आणि मागच्या बाजूला अक्षरांच्या खोलगट भागात धूळ-तेलाचा थर घट्ट बसलेला असतो. घासण्याआधी मागच्या बाजूचा फोटो टाका, नंबर झाकून.

धागाकर्ता: वळ आहेत, चारही भोकांना. फोटो रात्री टाकतो.