मदत हवी आहे: जुनी राइड जपावी की बदलावी?

नमस्कार. आम्हा सांगलीतील चार-पाच मित्रांत महिनाभर एकच वाद सुरू आहे: मनोरंजन उद्यानातील गाजलेली राइड जुनी झाल्यावर ती आहे तशी जपावी की नव्या रूपात आणावी? मी जपण्याच्या बाजूचा, कारण कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये १९५९ साली पोलादी नळ्यांच्या रुळांवर सुरू झालेली मॅटरहॉर्न ही रोलर कोस्टर आजही धावते. (१९७८ मध्ये तिच्यात हिममानव बसवला, हे मी वादात मुद्दाम बोलत नाही.) मित्र मात्र तिथल्याच स्प्लॅश माउंटन या पाण्यातल्या राइडचा दाखला देतात, जी २०२३ मध्ये बंद होऊन २०२४ मध्ये डिस्नेच्या चित्रपटातील राजकन्या टियाना हिच्या कथेवर पुन्हा उघडली, तरी पाण्याची वाट आणि शेवटची उडी जुनीच राहिली.

खरी अडचण देखभालीची आहे. आमच्या जत्रेतील पाळणेवाला संध्याकाळी रिकामा पाळणा दोनदा फिरवतो आणि मान तिरकी करून कुठे करकर येते का ते ऐकतो. रोलर कोस्टरला मात्र रुळाच्या वर, बाजूला आणि खाली अशी तिन्ही अंगांनी चाके असतात. ती फेऱ्या मोजून बदलतात की झीज मोजून? आणि सुटे भाग मिळेनासे झाल्यावर राइड बंद करण्याचा निर्णय अभियंते घेतात की हिशेब पाहणारे? अशा उद्यानात काम केलेल्या कोणी अनुभवावरून सांगितल्यास आभारी राहीन.