मदत हवी आहे: सिन फ्लड थोपवायला सिनप्रॉक्सी लावू का?

मंडळी, शेतकऱ्यांसाठी कांद्याचे भाव दाखवणारी छोटी साइट चालवतो. सर्व्हर डेबियन लिनक्सवर, फायरवॉल आयपीटेबल्स. तीन दिवस झाले, ऐन लिलावाच्या वेळेला सिन फ्लड (कनेक्शन सुरू करायच्या खोट्या विनंत्यांचा, म्हणजे सिन पॅकेटांचा, पूर) येतोय. सिन कुकीज (अर्धवट कनेक्शनची नोंद न ठेवता उत्तर द्यायची सोय) चालू आहेत, तरी कर्नल लॉगमध्ये 'कॉनट्रॅक टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट' (म्हणजे कर्नलची कनेक्शन नोंदवायची यादी, कॉनट्रॅक, भरली) अशा ओळींची रांग लागते आणि खरे शेतकरी बाहेर राहतात.

दर आयपीला २० कनेक्शनची मर्यादा घालून पाहिली. पण मोबाइल कंपन्या कितीतरी ग्राहकांना एकाच आयपीमागे ठेवतात, त्यामुळे तेच अडले. हल्ल्यातले पत्ते खोटे, सतत बदलणारे. त्यांना काहीच फरक पडला नाही.

आता ४४३ पोर्टवरचे (एचटीटीपीएसचे) सिन रॉ टेबलमध्येच, म्हणजे कॉनट्रॅकच्या आधीच, नोट्रॅक करून (यादीत न घेता) सिनप्रॉक्सीकडे (हँडशेक पूर्ण करणाऱ्यालाच पुढे सोडणारी आयपीटेबल्सची सोय) द्यावे म्हणतो. कुणी प्रत्यक्ष चालवलंय का? कॉनट्रॅकचं टीसीपी लूज ० केल्यावर (म्हणजे मधूनच दिसलेली कनेक्शन यादीत घेणं बंद केल्यावर) चालू कनेक्शन तुटतात का? सोमवारच्या लिलावाआधी बसवायचंय.