दोन इम्प्लांटच्या मधली काळी पट्टी: झिजलेले हाड की आर्टिफॅक्ट (प्रतिमेतला खोटा ठसा)?

खालच्या जबड्यात शेजारीशेजारी बसवलेल्या दोन टायटॅनियम इम्प्लांटचा (हाडात बसवलेल्या कृत्रिम दातमुळांचा) सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे स्कॅन, वाचताना अडचण आली आहे, त्याबद्दल जाणकारांचे मत हवे आहे. स्कॅन वरच्या जबड्यातील नियोजनासाठी घेतला होता, त्यामुळे फील्ड ऑफ व्ह्यू (स्कॅनमध्ये येणारा भाग) मोठा आणि व्हॉक्सेल (त्रिमितीय प्रतिमेचा सर्वांत लहान ठोकळा) ०.३ मिमीचा आहे. रुग्णाची या इम्प्लांटबाबत तक्रार नाही, प्रोबिंग करताना (हिरडीच्या फटीत मोजपट्टीची सळई घालून खोली पाहताना) रक्त येत नाही, आणि पॅरललिंग तंत्राने (सेन्सर इम्प्लांटला समांतर ठेवून) घेतलेल्या पेरिअ‍ॅपिकल एक्स-रेमध्ये (तोंडात सेन्सर ठेवून घेतलेल्या लहान, सपाट एक्स-रेमध्ये) हाड इम्प्लांटच्या पहिल्या आट्यापर्यंत व्यवस्थित दिसते. अ‍ॅक्सिअल (आडव्या) छेदात मात्र एका इम्प्लांटपासून दुसऱ्यापर्यंत सरळ काळी पट्टी गेली आहे आणि गालाच्या बाजूला दोन्ही इम्प्लांटना लागून काळी कड आहे.

पट्टी बीम हार्डनिंगची असावी असे मला वाटते. झोतातले कमी ऊर्जेचे फोटॉन धातूत आधी शोषले जातात आणि उरलेला झोत अधिक भेदक होतो, पण रिकन्स्ट्रक्शनचे (मोजमापांवरून प्रतिमा रचण्याचे) गणित झोत एकाच ऊर्जेचा आहे असे धरून चालते. म्हणून किरणांना जिथे दोन्ही इम्प्लांट ओलांडावे लागतात त्याच रेषेवर खोटा काळोख उमटतो. पट्टीच्या कडाही आखल्यासारख्या सरळ आहेत. गालाकडच्या कडेचे काय, हे मात्र ठरवता येत नाही, कारण पेरिअ‍ॅपिकलमध्ये तिथले हाड इम्प्लांटच्या सावलीत जाते. मेटल आर्टिफॅक्ट रिडक्शन (धातूमुळे येणारे आर्टिफॅक्ट कमी करणारी यंत्रातली सोय) चालू करून पुन्हा स्कॅन करावा का? निव्वळ शंकेपोटी रुग्णाला आणखी किरणोत्सर्ग द्यायला मन धजत नाही.

प्रतिसाद:

पट्टीबाबत सहमत आहे. कडेसाठी आधी असलेल्याच स्कॅनवर इम्प्लांटचा व्यास मोजा. समजा ४.१ मिमीचा इम्प्लांट पडद्यावर ४.६ मिमी भरला, तर प्रत्येक बाजूचे पाव मिलिमीटर हाड धातूच्या फुगलेल्या प्रतिमेनेच झाकले आहे, आणि इतक्या व्हॉक्सेलवर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ हाड दिसले नाही म्हणून ते नाही असे म्हणता येत नाही. मग तीच कड खाली टोकापर्यंत, जिथे हाड निश्चित जाड आहे तिथेही, सारख्याच रुंदीने जाते का ते पाहा. जात असेल तर ती बहुधा आर्टिफॅक्टच. खरी झीज क्रेस्टपाशी (हाडाच्या वरच्या काठापाशी) रुंद असते आणि खाली निमुळती होत जाते.

रिडक्शनने चित्र डोळ्यांना स्वच्छ वाटते, पण इम्प्लांटलगतच्या बारीक दोषांचे निदान त्यामुळे सुधारतेच असे अभ्यासांत सातत्याने दिसलेले नाही. तुमच्या यंत्रात मूळ डेटावरून ते नंतर लावता येत असेल तर जरूर लावा आणि दोन्ही प्रतिमा शेजारी ठेवून वाचा. मिलिअँपिअर (एक्स-रे नळीतला विद्युतप्रवाह) वाढवल्याने नॉइज (प्रतिमेतला दाणेदारपणा) कमी होतो, बीम हार्डनिंग नाही. क्राउन (इम्प्लांटवरच्या दाताच्या टोप्या) झिर्कोनियाचे आहेत का, हेही कळवा: झिर्कोनियमचा अणुक्रमांक ४० आणि टायटॅनियमचा २२, म्हणजे झिर्कोनिया किरण जास्त शोषतो, तेव्हा वरच्या भागातल्या बऱ्याचशा रेघा त्यांच्याच असू शकतात. पुढे कधी स्कॅन करावाच लागला आणि क्राउन स्क्रूने बसवलेले असले, तर ते काढून, लहान फील्डमध्ये करा. सध्या प्रोबिंगची खोली क्राउन बसवतानाच्या नोंदीपेक्षा वाढलेली नसेल, तर मी पुन्हा स्कॅन करणार नाही.