रेफरल मिळालं म्हणजे नंबर लागला असं नाही

वर कुणीतरी म्हटलंय की अमेरिकेत विमा चांगला असेल तर स्पेशालिस्ट लगेच भेटतो, ताटकळणं फक्त कॅनडा-इंग्लंडमध्ये. हे मला अजिबात पटत नाही. मेरिट हॉकिन्स या डॉक्टरांची भरती करून देणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या २०२२ च्या पाहणीत १५ मोठ्या शहरांत नव्या पेशंटला सरासरी २६ दिवस थांबावं लागत होतं. २००४ मध्ये हाच आकडा २१ च्या आसपास होता. ही मोठ्या शहरांची गत. लहान गावांत तर त्वचेचा किंवा मेंदूचा डॉक्टर जवळपास असेलच असं नाही.

एचएमओ, म्हणजे ठरावीक डॉक्टरांपुरता मर्यादित विमा असेल तर आधी फॅमिली डॉक्टर, मग रेफरल (स्पेशालिस्टकडे पाठवणारी चिठ्ठी), मग हवा तो डॉक्टर नेटवर्कमध्ये, म्हणजे विमा कंपनीच्या यादीत आहे का याची शोधाशोध. पीपीओ या जास्त मोकळीक देणाऱ्या विम्यात रेफरल सहसा लागत नाही, पण एमआरआयसारख्या तपासणीला विमा कंपनीची पूर्वपरवानगी बरेचदा लागतेच. आणि मूळ दुखणं वेगळंच आहे: १९९७ च्या कायद्याने मेडिकेअरच्या (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याच्या) पैशांवर चालणाऱ्या रेसिडेन्सीच्या, म्हणजे नव्या डॉक्टरांच्या हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणाच्या जागांवर मर्यादा घातली. लोकसंख्या वाढली, म्हातारी माणसं वाढली, जागा मात्र त्या मानाने फारच थोड्या वाढल्या.

धागाकर्तीच्या आईंच्या हाताला मुंग्या येतायत आणि तारीख तीन महिन्यांनंतरची मिळाली आहे, म्हणून कळकळीने सांगते: फॅमिली डॉक्टरांनाच स्पेशालिस्टच्या ऑफिसात फोन करून रेफरल ‘अर्जंट’ करून घ्यायला सांगा. कॅन्सलेशन लिस्टवर नाव घाला, म्हणजे कुणी वेळ रद्द केली तर ती मिळू शकेल. नर्स प्रॅक्टिशनरची (तपासणी-उपचार करू शकणाऱ्या, जास्त शिकलेल्या नर्सची) वेळ आधी मिळत असेल तर ती घ्या, तपासण्या तरी सुरू होतील. पण हात अचानक लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर कशाचीही वाट न पाहता ९११ या आपत्कालीन नंबरवर फोन करा.